घरच्या पीसीवर युनिक्स: पैसे मोजून की फुकटात?

माजी टेलर, दादर
मंडळी, १९९३ पासून अकरा वर्षं बँकेच्या शाखेत एससीओ कंपनीच्या युनिक्सवर काम केलं. (युनिक्स म्हणजे विंडोजसारखीच मशीन चालवणारी सिस्टीम, पण आमची सगळी कमांडी टाइप करून चालायची.) आतल्या खोलीत एकच ४८६ पीसी, त्याला आठ हिरवे टर्मिनल, म्हणजे नुसते पडदा आणि कीबोर्ड. डे-एंड झालं की तीनदा सिंक मारायचं (मेमरीतलं डिस्कवर उतरवायची कमांड), मग हॉल्टसिस (मशीन बंद करायची), मग टेप काढून साहेबांच्या कपाटात. तीनदाच का, ते कोणी सांगितलं नाही आणि दोनदा मारून बघायची कोणाची छाती झाली नाही.

आता घरचा २०१४ चा डेस्कटॉप (आय-५, ८ जीबी) विंडोज ११ घेत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हटलं, चला परत युनिक्सकडे. लॅमिंग्टन रोडला जाऊन विचारलं, "युनिक्सची सीडी केवढ्याला?" दुकानातला पोरगा इतका हसला की शेवटी त्यानेच चहा मागवला. माझा मुलगा म्हणतो मॅक घे. माझं मत: कामाच्या वस्तूला पैसे मोजावेत. फुकटचं बिघडलं तर कोणाची कॉलर धरायची?

हार्बर लाइन
काकू, मुलाचं ऐका. युनिक्स हा ट्रेडमार्क आज द ओपन ग्रुप या संस्थेकडे आहे. २००७ साली मॅकच्या १०.५ लेपर्ड या आवृत्तीने त्यांचं रीतसर प्रमाणपत्र मिळवलं. म्हणजे दुकानात जाऊन पिशवीत घालून आणता येईल असं शिक्क्याचं युनिक्स हवं असेल, तर मॅकच. मिनी साठेक हजारांत येतो, मॉनिटर-कीबोर्ड जुनाच लावा. टर्मिनल, म्हणजे कमांडींची खिडकी, उघडा, तुमचं सगळं जिथल्या तिथे.

जुना माल
साठ हजार! शिक्क्याचे?
काकू, कॉलर धरायचं म्हणताय तर आठवा: त्या काळी एससीओचा सी कंपायलरसुद्धा (प्रोग्रॅम बनवायचं साधन) वेगळा विकत घ्यावा लागे. घरी युनिक्स हवं असेल, तर नव्वदच्या सुरुवातीला बीएसडी/३८६ या पीसीवरच्या युनिक्सची किंमत ९९५ डॉलर होती. बरं, ९९ डॉलरचं कोहिरंट होतं, पण ते युनिक्ससारखं, युनिक्स नव्हे. म्हणून तर १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने युनिक्ससारखंच पण फुकटचं लिनक्स सोडलं तेव्हा लोक तुटून पडले. आपल्याकडे पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर सीडी यायची, ती अख्ख्या हॉस्टेलात फिरायची.
तुमचं मशीन धडधाकट आहे. एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, डेबियन (लिनक्सचाच एक अवतार) बसवा, विषय संपला.

बर्कलीकर
विषय संपत नाही. काकूंनी युनिक्स मागितलंय, लिनक्स नाही. लिनक्सची कर्नल (सिस्टीमचा गाभा) एकाची, कमांडी दुसऱ्याच्या, वर वाढणारा तिसराच. फ्रीबीएसडी हेही फुकटच, पण त्यात कर्नल आणि मूळ कमांडी एकाच घरात शिजतात. वंशही थेट: बर्कली विद्यापीठाचं युनिक्स, म्हणजे बीएसडी, त्यावरून १९९२ चं ३८६बीएसडी, त्यातून १९९३ ला फ्रीबीएसडी. त्याच सुमारास बीएसडीवर युनिक्सच्या जन्मदात्या एटी अँड टीच्या कंपनीने खटला भरला, तो १९९४ ला मिटला. तोवर लोक बिचकून लिनक्सकडे वळले, नाहीतर आज चित्र वेगळं दिसलं असतं.

जुना माल
वंशावळ लग्नात काढतात, पीसीला नाही. आणि शिक्क्याचंच म्हणाल, तर तुमच्या फ्रीबीएसडीकडे तो नाही. उलट लिनक्सवर बेतलेल्या हुआवेच्या युलरओएसला युनिक्स ०३ या मानकाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. आता बोला.

बर्कलीकर
तो कागदाचा खेळ आहे.

हार्बर लाइन
कागद आमच्याकडे असला की कागदाचा खेळ!

ठाणे फास्ट
भांडा तुम्ही. मी सीए आहे, भोगलेलं सांगते.
दोन वर्षांपूर्वी हौसेने फ्रीबीएसडी टाकलं. वीस मिनिटांत इन्स्टॉल, वायफाय मात्र शून्य. नेटवरची यादी बघून, मॉडेल नंबर जुळवून यूएसबी डोंगल आणला. तरी चालेना. मग चष्मा वर करून खोका नीट पाहिला तर कोपऱ्यात मोहरीएवढ्या अक्षरांत "व्ही ३". यादीत होता तो व्ही १. नाव तेच, नंबर तोच, आत चिप दुसरीच. दुकानदार म्हणाला, "मॅडम, विंडोजमध्ये चालतोय ना?" परत घेतला नाहीच.
शिवाय हिशेबाचं टॅली विंडोजचं. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर विंडोज धरूनच लिहिलेलं. मॅकवरही हे दुखणं आहे, हार्बर लाइन सांगत नाहीत एवढंच.

बर्कलीकर
केबल लावायची की.

ठाणे फास्ट
राउटर दाराशी, पीसी खिडकीशी, मध्ये सासूबाईंची खुर्ची. तुम्ही येऊन लावा.

हार्बर लाइन
टोकनचं मान्य. पण काकू निवृत्त आहेत, त्यांना टॅली कशाला?

माजी टेलर, दादर
सोसायटीची खजिनदार आहे मी, पण हिशेब वहीत. टॅली नको.

शनिवारी भाच्याने पेन ड्राइव्हवर डेबियन आणून दिलं, इन्स्टॉल न करताच चालवून बघितलं. व्हीआय (युनिक्सचा जुना एडिटर) उघडलं आणि वीस वर्षांनी बोटं आपोआप एस्केपकडे गेली. मला विचारलं असतं तर एक कमांड आठवली नसती, बोटांना सगळ्या पाठ. मराठीही झालं: इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ, की "सुऱ्या"तला ऱ्य बरोब्बर. प्रिंटर मात्र कुरकुरतोय. एक पान नीट काढतो, दुसरं अर्ध्यावर सोडतो.

तेव्हा मॅक रद्द. बर्कलीकरांचं जुन्या डिस्कवर पावसाळ्यात करून बघेन, ते मनातून जात नाहीये. पैसे मोजायचे हे मत कायम, फक्त ते आता एसएसडीला आणि वायफायला मोजते. पीसी बेडरूममध्ये आहे, केबल तिथवर जात नाही.

ठाणे फास्ट, तुमचा तो व्ही ३ पडून आहे का? भाचा म्हणतो, त्याच्या लिनक्सवर तोच चालतो. केवढ्याला देता?

ठाणे फास्ट
पडूनच आहे. काकू, फुकट न्या.

माजी टेलर, दादर
फुकटचं नको म्हणून तर धागा काढला ना बाई. अर्ध्या किमतीत, वर चहा. मंगळवारी दादर पूर्वेला, तिकीट खिडकीपाशी. आणि खोका आणा, मला तो व्ही ३ बघायचाय.