देवापुढे बसलं की तोंडातून फक्त तक्रारच येते, काय करू?

रानजाई:
नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, १४ महिने झाले डायलिसिसवर आहेत, सोमवार बुधवार शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास आणि जाण्यायेण्याचे वेगळे. टू व्हीलरचं गॅरेज होतं ते बंद केलं. मी किडनी देणार होते पण तपासणीत मलाच शुगर निघाली त्यामुळे तो रस्ता बंद झाला, आता पुण्याच्या यादीत नाव टाकलंय आणि फोनची वाट बघतोय. मुलगा आठवीत आहे, तो काही विचारत नाही आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.
आमचं घर माळकरी. सासूबाईंनी २२ वाऱ्या केल्यात. मीही लग्न झाल्यापासून रोज हरिपाठ म्हणते, म्हणजे म्हणत होते. आता देवघरापुढे बसलं की शब्दच फुटत नाही, फुटला तर तक्रारच. का आमच्याच घरात, काय वाईट केलं आम्ही कोणाचं. सासूबाई म्हणतात अशी तक्रार करू नये, त्याची इच्छा. मग मी गप्प बसते आणि आत अजून जळतं.
सकाळी ह्यांची एक लिटरची बाटली भरून ठेवते, दिवसभराचं पाणी तेवढंच, चहासुद्धा त्यातूनच धरायचा. आरतीनंतर तीर्थाचा चमचा घेतला तरी हे तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकतात. ते बघितलं की मला देवाचा राग येतो, खरंच येतो. असा राग असताना पूजा करायची का? की हे ढोंग झालं? आशा ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

माळकरी_काका:
ताई, ढोंग अजिबात नाही. माझं वय ६८, गळ्यात माळ आहे म्हणून हक्काने सांगतो, गप्प बसा हे सांगणारा वारकरी संप्रदाय नाहीच. तुकोबारायांचं बघा, १६३० च्या दुष्काळात ऐन विशीत घरात काय काय झालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, पोरगा गेला, व्यापार बुडाला, गावात पत राहिली नाही. त्यानंतर ते देवाशी गोड गोड बोलत बसले का? भांडले. तू आहेस की नाहीस इथपर्यंत विचारलं. जनाबाई तर विठ्ठलाला शिव्या घालते, आणि आपण तेच टाळ वाजवून म्हणतो. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, त्याने तर सरळ जाब विचारलाय की आम्हाला असल्या जन्माला का घातलंस. त्या चोखोबांना देवळात जाऊ दिलं नाही आणि आज पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे, लोक आधी तिथे डोकं टेकवतात मग आत जातात. सासूबाईंना दुखवू नका, त्यांचा काळ वेगळा, त्यांचं दुःख पण मोठंच आहे, पोटचा पोरगा आहे तो. पण तुमचं भांडण थांबवू नका. ज्याच्याशी नातं तुटलंय त्याच्याशी माणूस भांडत नाही, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मी वर्षभर देवळाची पायरी चढलो नाही पण रोज रात्री अंथरुणात देवाला बोल लावायचो, मला उशिरा कळलं की माझी उपासना तीच होती.

वसईचा_बावा:
ताई मी ख्रिस्ती आहे, इथे बोलू की नको असं झालं पण काकांचं वाचून राहवलं नाही. आमच्या बायबलमध्ये १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत, किती काळ, का विसरलास, तोंड का लपवतोस. बहुतेकांच्या शेवटी थोडा उजेड येतो पण ८८ वं स्तोत्र असं आहे की ते अंधार या शब्दावरच संपतं, पुढे काही नाही. लहानपणी मला वाटायचं याचं पान फाटलंय का. आईला कॅन्सर झाला तेव्हा मी तेच वाचायचो कारण बाकीची तोंडातून निघायचीच नाहीत. ज्यांनी तो ग्रंथ जपला त्यांनी ते गाळलं नाही, प्रार्थना म्हणूनच ठेवलं, याचा मला फार आधार वाटला. आई राहिली नाही, ते लपवत नाही तुमच्यापासून. पण त्या दिवसांत मी एकटा नव्हतो, एवढं मी शपथेवर सांगेन.

नर्सताई:
मी डायलिसिस युनिटला ११ वर्षं काम करते, देवाचं मला नीट सांगता येणार नाही पण दोन गोष्टी कळकळीने सांगते. एक, कोणी नवस, अंगारा, काढा, अमुक महाराज सांगतील त्यासाठी एकही डायलिसिस चुकवू नका. चार दिवस चुकवून आलेला पेशंट मी बघितलाय, छातीत पाणी भरलेलं, श्वास घेता येत नव्हता. दुसरं प्रसादाचं. केळं, नारळपाणी, खजूर, शेंगदाणे यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते वाढलं तर थेट हृदयाला धोका, त्यामुळे एकादशीचा फराळ यांच्यासाठी उपास नाही, संकट आहे. बटाटा घालायचाच असेल तर पातळ काप करून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, तरी थोडाच, आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून. देवाला दाखवा आणि ह्यांना नुसता हात लावू द्या, देव रागवणार नाही. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला आतल्या रक्तवाहिन्या जोडल्यात त्या हाताने जड उचलू देऊ नका, त्या हातावर बीपी बघू देऊ नका, आणि रोज हात लावून आतली थरथर बघा, बंद वाटली तर तडक हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.
आणि ताई तुमच्या शुगरचं औषध चालू आहे ना? त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही.

पाटणकर:
माझा देवावर विश्वास नाही पण वहिनी, तुमच्या मुलाशी बोला. माझे वडील आजारी होते तेव्हा मी पण आठवीतच होतो आणि मी पण काही विचारायचो नाही. मला वाटायचं विचारलं तर आई रडेल. त्याला सोबत घेऊन देवघरापुढे बसा, भांडायचंय तर दोघं मिळून भांडा.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस परत परत वाचतेय. नर्सताई, माझ्या गोळ्या महिनाभर बंद होत्या, काल आणल्या.
थरथर मी रोजच बघते. रात्री दिवा मालवला की ह्यांच्या मनगटावर हात ठेवते, मांजर घुरघुरतं ना तसं लागतं बोटांना. मी ते तपासणी म्हणूनच करत होते इतके दिवस. काल मात्र हात तसाच ठेवून देवाशी बोलले, मोठ्याने, जे साचलं होतं ते सगळं, गॅरेजचं, फीचं, यादीतल्या नंबरचं. मला वाटलं हे झोपलेत. मुलगा दारात येऊन उभा राहिला होता ते पण कळलं नाही. माझं झाल्यावर हे हळूच म्हणाले, माझं पण एक सांग त्याला, रविवारी तहान फार लागते. मग ते पण सांगितलं. मग मुलगा येऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, मला पण सांगायचंय.
नर्सताई, रताळं पण तसंच उकळून चालेल का? एकादशी आलीये, सासूबाई विचारतील.