माळशेजला कॅमेऱ्याच्या लेन्सवर वाफ धरते, काय करावं?

प्रश्न: रविवारी मुलांना घेऊन माळशेज घाटात जायचंय. गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते. धबधब्यापुढे चेहरेही काळपट येतात. उपाय सांगा.

उत्तर १: एसीत काच थंड पडते, बाहेरची दमट हवा लागली की दव जमतं. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, कॅमेरा झिपच्या पिशवीतच राहू द्या. वाफ धरलीच तर लेन्स अजिबात काढू नका, ओल आतल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत जाते.

उत्तर २: पांढऱ्या धुक्याने कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, म्हणून चेहरे काळपट येतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ ठेवा. धावत्या मुलांना शटरचा वेग १/५०० सेकंद हवाच, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० झाला तरी बिघडत नाही.

उत्तर ३: लेन्सपुढे हूड (कडेचं कवच) लावा. थेंब शर्टाने पुसू नका हो, आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग मायक्रोफायबरचं मऊ कापड.