तीन रात्री आयावास्का प्यायला आणि काहीच झालं नाही, असं का होतं?

मालवी_मेघा

नमस्कार मंडळी. घरात कोणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय. कृपा करून उपदेश नको, माहिती हवी आहे.

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, इथे इंदूरलाच आयटीत आहे. मागच्या महिन्यात पेरूला जाऊन आला. ऑफिसात आणि आईला सांगितलं माचू पिचू बघायला चाललोय, खरं तर गेला होता इकितोसला, तिथून होडीने दोन तास आत जंगलात एक केंद्र आहे तिथे आयावास्का, म्हणजे दृश्यं दाखवणारा तिथला वनस्पतींचा काढा, प्यायला (केंद्राचं नाव मुद्दाम देत नाहीये). दीड वर्ष पैसे साठवत होता. बाबा गेल्यापासून तो आतून मिटल्यासारखा झालाय, आईशी जेवताना दोन वाक्यं बोलतो आणि उठतो, म्हणून मला आधी कळलं तेव्हा रागही आला आणि मनात कुठेतरी वाटलं की जाऊ दे, याने तरी मोकळा झाला तर झाला.

पण त्याला काहीच झालं नाही. तीन रात्रीत चार कप प्यायला. त्याने एक छोटी वही ठेवली होती, पहिल्या रात्रीचं पान मी वाचलं ते असं आहे: "९:१० प्यायलो, जळलेल्या चिंचेच्या कोळासारखं. ९:३२ उलटी. १०:०० काही नाही. १०:४० काही नाही, बाजूचा माणूस रडतोय. ११:३० बेडूक मोजतोय. १:०० सगळे झोपले, मी जागा." दुसऱ्या दोन रात्रीही तसंच, फक्त पोट बिघडलं.

शेवटच्या दिवशी तिथल्या गाइडने त्याला सांगितलं की तू स्वतःला धरून ठेवतोस, तुझं मन बंद आहे, झाडाने तुला स्वीकारलं नाही. हे त्याने इतकं मनाला लावून घेतलंय की परवा गच्चीवर मला म्हणाला, ताई मला एका वनस्पतीने पण नाकारलं. आता दिवाळीनंतर परत जायचं आणि या वेळी डबल घ्यायचं म्हणतोय. म्हणून विचारते, असं इतरांचंही होतं का? यात मनाचा दोष असतो की शरीराचं काही कारण असतं?

---

सराफा_रात्रीचा

ताई मला पेरूचं काही माहीत नाही पण भांगेचा अनुभव आहे. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून आलं की आमच्या वाड्यात दरवर्षी ठंडाई घोटली जायची. तिथे एकाच लोट्यातली ठंडाई दहा जण प्यायचे, दोघं हसत सुटायचे, एक भिंतीला टेकून गप्प आणि माझे थोरले काका पूर्ण कोरडे, काही म्हणजे काही नाही, मग ते तासाभराने अजून एक गिलास घ्यायचे आणि संध्याकाळी त्यांना दोघांनी उचलून आत न्यावं लागायचं. एकदा तर रात्रभर छाती धडधडत होती, आत्याने डॉक्टर बोलावला. त्यामुळे "काही झालं नाही म्हणून डबल" हे ऐकूनच मला भीती वाटून राहिली आहे. त्याला थांबवा.

---

निवृत्त_फार्माकॉलॉजी

मेघा, मी ३० वर्षं मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं. जरा सविस्तर लिहितो कारण तुझ्या भावाला जे सांगितलं गेलं ते मला फार चुकीचं वाटतं.

आयावास्का हे एका झाडाचं नाव नाही. क्वेचुआ भाषेत आया म्हणजे मृतात्मा आणि वास्का म्हणजे दोर किंवा वेल. वेलीचं शास्त्रीय नाव बॅनिस्टेरिऑप्सिस कापी, तिचे नमुने रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने १८५२ साली ब्राझीलमध्ये गोळा केले. काढ्यात ही वेल कुटून टाकतात आणि बरोबर बहुतेक वेळा चाक्रूना नावाच्या झुडपाची पानं, दोन्ही तासन्‌तास उकळतात. दृश्यं दिसतात ती मुख्यतः पानांतल्या डीएमटीमुळे. आता गंमत अशी की नुसतं डीएमटी गिळलं तर बहुधा काहीच होत नाही. आतड्यात आणि लिव्हरमध्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज, ज्याला आम्ही माओ म्हणतो, ते एन्झाइम जुन्या जकात नाक्यासारखं बसलेलं असतं आणि डीएमटी रक्तात पोचण्याआधीच त्याला तोडून टाकतं. वेलीतली हार्मिन आणि हार्मलिन ही द्रव्यं त्या नाक्याला काही तासांपुरतं कुलूप लावतात, मगच पानातलं डीएमटी मेंदूपर्यंत जातं. वरच्या काकांच्या भांगेचं तसं नाही, भांगेतलं द्रव्य पोटातून उशिरा का होईना पण स्वतःच्या बळावर रक्तात जातं. इथे दोघांची जोडी जमावी लागते.

म्हणजे फसायच्या जागा किती आहेत बघ. वेल कमी पडली तर नाका उघडाच राहतो. पानं कमी ताकदीची असली तर नाका बंद पण पलीकडे जायला मालच नाही. वेलीचं वय, पानं कुठली, किती तास उकळलं यावर दोन काढ्यांत कितीतरी पटींचा फरक पडतो, रंग आणि कडवटपणा मात्र तोच. कप कोणी मोजून देत नाही.

दुसरं, वहीतली वेळ. ९:१० ला प्यायला आणि ९:३२ ला उलटी. असर साधारण अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि रक्तातलं डीएमटी दीड-दोन तासांनी सर्वांत जास्त असतं. बावीस मिनिटांत पोट रिकामं झालं तर बराचसा काढा बादलीत गेला. उलटीला तिथे शुद्धी मानतात, त्याचा मी अनादर करत नाही, पण हिशोबात ती धरायला हवी.

तिसरं, लिव्हर. हार्मिन-हार्मलिनचा निचरा करण्यात सीवायपी टू डी सिक्स नावाच्या एन्झाइमचा मोठा हात असतो आणि ते जन्मतःच कोणाचं तेज असतं कोणाचं सुस्त. तेजवाल्यात कुलूप लवकर उघडतं. आम्ही हाच फरक कोडीन या वेदनाशामकाच्या बाबतीत शिकवायचो, एकाला गोळीने आराम पडतो आणि शेजारच्या खाटेवरच्याला कणभर नाही.

यात मन बंद असण्याचा संबंध कुठे आला? चार कपांत काय होतं आणि किती होतं हेच कोणाला माहीत नाही, आणि ठपका मात्र पोरावर.

आता महत्त्वाचा प्रश्न. तो कुठली गोळी घेतो का? विशेषतः डिप्रेशनची, झोपेची, मायग्रेनची, खोकल्याचं औषधसुद्धा. हे आधी विचार आणि कळव.

---

पाउलिस्ता_बडोदेकर

मी मूळ बडोद्याचा, कंपनीने सहा वर्षं साव पावलोला ठेवलं होतं. तिकडे हा काढा चर्चमध्ये देतात, सांतो दाइमी आणि उनियाओ दो व्हेजिताल असे पंथ आहेत, पहिला १९३० च्या दशकात सुरू झाला दुसरा १९६१ साली, ब्राझीलमध्ये धार्मिक वापराला परवानगी आहे. आमच्या बिल्डिंगमधली एक आजी ४० वर्षांपासून सांतो दाइमीत जायची, अगदी आपल्याकडच्या भजनी मंडळातल्या आजीसारखी, पांढरा ड्रेस घालून रात्रभर उभं राहून स्तोत्रं म्हणायची. मी तिला विचारलं होतं की दर वेळी काही दिसतं का. ती म्हणाली कितीतरी रात्री काहीच नाही, पाय दुखतात आणि गाणं होतं. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही कारण ती काही बघायला जातच नव्हती.

मीही एकदा गेलो, मळमळ आणि डोळे मिटल्यावर जरा रंग, बस. कोणी मला नाकारलं वगैरे म्हणालं नाही. ज्येष्ठ माणसाने पाठीवर हात ठेवला आणि सूप दिलं.

अजून एक, हे मी तिकडे नंतर वाचलं. पेरू-ब्राझीलच्या बऱ्याच जमातींमध्ये जुनी पद्धत अशी की काढा वैद्य पितो, रोगी नाही. वैद्य पिऊन बघतो की आजार कुठे आहे आणि इकारो म्हणजे त्यांची गाणी म्हणतो. आजारी माणसाने पिऊन स्वतः दृश्यं बघायची हे पर्यटक यायला लागल्यावर वाढलं. म्हणजे तुमच्या भावाने ज्याला नापास होणं समजलंय ती परीक्षाच मुळात तिथली नाही हो ताई.

---

मालवी_मेघा

काका, तुम्ही विचारलं म्हणून काल रात्री त्याच्याशी बोलले. आधी नाही म्हणाला, मग उठून बॅगेच्या आतल्या कप्प्यातून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. फ्लुऑक्सेटिन, डिप्रेशनची गोळी, तीन वर्षांपासून रोज. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. केंद्राच्या फॉर्मवर औषधांचा रकाना होता, त्यात त्याने "काही नाही" लिहिलं कारण खरं लिहिलं असतं तर घेतलं नसतं. जायच्या दहा दिवस आधी मनानेच बंद केली आणि आल्यावर परत सुरू केली. मला रात्रभर झोप नाही. आणि सलग तीन रात्री घेतल्यामुळे शरीर सरावलं असं होतं का, तो म्हणतो दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तेच झालं असेल.

---

निवृत्त_फार्माकॉलॉजी

मेघा, आधी हे वाच आणि त्यालाही वाचून दाखव.

सरावाचं कारण नाही. डीएमटीचा सराव जवळजवळ होत नाही, लागोपाठ दिलं तरी असर तसाच राहतो हे १९९० च्या दशकात अमेरिकेत प्रयोगांत दिसलंय. कारण बहुधा तुझ्यासमोर पाकिटात आहे. या गोळ्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं संदेश पोचवणारं द्रव्य वाढवतात, आणि महिनोन्‌महिने घेतल्या की ज्या सेरोटोनिनच्या जागांवर डीएमटी किंवा एलएसडी जाऊन बसतं त्या बोथट होतात. रोज अशी गोळी घेणाऱ्यांना एलएसडीचा असर कमी जाणवतो हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. आणि दहा दिवस बंद केली म्हणजे शरीरातून गेली असं फ्लुऑक्सेटिनच्या बाबतीत होत नाही, ती आठवडेच्या आठवडे रेंगाळते. आम्ही ही गोळी बंद केल्यावर माओ रोखणारं औषध सुरू करायला पाच आठवडे थांबायला शिकवतो.

का थांबतो ते ऐक, कारण यातच खरी भीती आहे. गोळी सेरोटोनिन वाढवते आणि वेल ते तोडणाऱ्या एन्झाइमला कुलूप लावते. दोन्ही एकदम झालं तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो, थरथर, घाम, ताप, पाय झटके द्यायला लागतात, स्नायू ताठरतात, नाडी पळते, आणि वाढला तर जीव जातो. वर फ्लुऑक्सेटिन त्याच टू डी सिक्स एन्झाइमलाही अडवते, म्हणजे वेलीतली द्रव्यं शरीरात जास्त वेळ राहण्याची शक्यता. जंगलात, दवाखान्यापासून दोन तासांवर, हे सगळं चार वेळा केलं त्याने. "काही झालं नाही" यावर मी तुझ्या जागी असतो तर देवासमोर नारळ फोडला असता.

आणि डबल घेतल्याने वाढेल तो धोका, दृश्यं वाढतीलच असं नाही. परत जायचं म्हणून गोळी पुन्हा अचानक सोडली तर मूळ आजार उसळी मारतो, ते तर त्याहून वाईट. गोळीचं काय करायचं ते फक्त लिहून देणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं. ऑनलाइन पावडर वगैरे मागवायचं डोक्यात असेल तर तेही काढून टाक म्हणावं, डीएमटी आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे.

---

स्वाती_मानसशास्त्र

मेघाताई, मी थोडी वेगळी बाजू सांगते. ब्राझीलमध्ये नाताल शहरात औषधांनी बरं न वाटलेल्या २९ डिप्रेशनच्या रुग्णांवर चाचणी झाली होती, निम्म्यांना एकदाच आयावास्का आणि निम्म्यांना खोटा काढा. खोटा काढाही कडू-आंबट तपकिरी केला होता, पाणी, यीस्ट, सायट्रिक ॲसिड, पोट ढवळायला झिंक सल्फेट आणि कॅरॅमलचा रंग. आठवड्याभराने आयावास्कावाले जास्त सुधारलेले होते हे खरं, पण खोटा काढा पिणाऱ्यांपैकीही काहींना आपण खराच प्यायलो असं वाटलं. आणि त्या चाचणीत नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी थांबवलेल्या होत्या, काढा दिल्यावर संशोधक शेजारच्या खोलीत होते.

हे यासाठी सांगतेय की तुमच्या भावाला रडणारा बाजूचा माणूस बघून वाटलं की त्याला मिळालं आणि मला नाही. अंधार, गाणी, पंधरा जण, इतका खर्च, एवढी अपेक्षा, यातून कोणाचंही रडू फुटतं, काढ्यातून किती आणि त्यातून किती हे कोणालाच वेगळं करता येत नाही. तो बेडूक मोजत होता म्हणून त्याचं दुःख कमी खरं होत नाही. वडिलांबद्दल तो वहीत काही लिहितो का? नुसतं विचारते, सांगायलाच हवं असं नाही.

---

मालवी_मेघा

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांची दोन्ही उत्तरं आणि बडोदेकर दादांची आजी मी त्याला काल टिळकनगरच्या बागेत बसून वाचून दाखवली, घरी आई होती म्हणून. सेरोटोनिन सिंड्रोमचा भाग आला तेव्हा त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः परत वाचला. मग म्हणाला, तिसऱ्या रात्री माझा उजवा पाय खूप वेळ उडत होता, मला वाटलं थंडी वाजतेय. हे वहीत आहे का विचारलं तर आहे म्हणाला, "१२:१५ थंडी, पाय."

तिकीट अजून काढलेलं नव्हतं, काढणार नाही म्हणालाय. शुक्रवारी पाच वाजता त्याच्या डॉक्टरांकडे जातोय, मी बरोबर जाणार. स्वाती, वडिलांबद्दल वहीत एकच ओळ आहे, दुसऱ्या रात्रीची, ती त्याने मला दाखवली पण इथे लिहू नको म्हणाला.

---

निवृत्त_फार्माकॉलॉजी

पायाचं डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. वही घेऊनच जा, आणि गोळी कोणत्या तारखेला सोडली आणि कोणत्या तारखेला परत सुरू केली ते त्याच पानावर त्याच्याच हाताने लिहून घे.