ओळख परेडमध्ये नेमकं कुठे बिघडतं

'साक्षीदार कोर्टात छातीठोकपणे बोट दाखवतो, मग शंका कशाला?' असं कुणी विचारेल. अहो, महिनोन्‌महिन्यांनी पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवणं सोपंच असतं. म्हणून तर तपासात आधी ओळख परेड घेतात, म्हणजे संशयिताला इतरांसोबत रांगेत उभं करून साक्षीदाराला ओळखायला सांगतात. कोर्टातली ओळख हाच मूळ पुरावा, परेड तिला फक्त दुजोरा देते.

महाराष्ट्रात परेड सहसा नायब तहसीलदार दर्जाचे कार्यकारी दंडाधिकारी घेतात, सोबत दोन पंच. एका संशयितामागे किमान सहा डमी (गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं) हवेत, वय-उंची-बांधा मिळताजुळता. संशयिताच्या भुवईवर व्रण असेल तर डमींच्याही त्याच जागी चिकटपट्टी लावावी. संशयिताला रांगेतली जागा निवडू द्यायची, प्रत्येक साक्षीदारानंतर बदलू द्यायची. ओळखून झालेला साक्षीदार थांबलेल्यांना भेटता कामा नये. पोलीस खोलीबाहेर.

पण खरी गोची परेडच्या आधीच होते. चौकीत मोबाईलवर फोटो दाखवला की संपलं! नंतर साक्षीदार ओळखतो तो फोटोतला चेहरा, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतं की घटनेच्या वेळचाच आठवतोय. खोटं बोलणारा उलटतपासणीत सापडतो, हा सापडत नाही.

दुसरं म्हणजे शाबासकी. वेल्स आणि ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या प्रयोगात चुकीचा माणूस निवडणाऱ्यांना नुसतं 'छान, बरोबर ओळखलंत' म्हटलं, तर 'तेव्हाच खात्री होती, चेहराही नीट दिसला होता' असं ते सांगू लागले. त्यामुळे 'किती खात्री आहे?' हे त्याच क्षणी, साक्षीदाराच्याच शब्दांत पंचनाम्यात उतरवून घ्या.