गेटचा गोल झालेला बोल्ट आणि टूलबॉक्ससाठी चांगली ग्रिप पक्कड

निकम (सचिव, बी-२०४): नमस्कार मंडळी. मेन गेटच्या खालच्या बिजागरीचा एक बोल्ट गोल झालाय, रिंग पाना फिरतोय नुसता. सोसायटीच्या टूलबॉक्समधली लॉकवाली पक्कड (ग्रिप पक्कड, दाबली की वस्तूला धरून अडकून राहते ती) लावली तर तीही सुटते, दाते पार गुळगुळीत झालेत. नवीन घ्यावीच लागेल. कोणती घ्यायची? जुन्या बाजारात चांगली मिळाली तर चालेल का? खर्च मेंटेनन्समधून आहे, त्यामुळे एकदा घेतली की टिकली पाहिजे.

देवरे काका (ए-६०२): निकम साहेब, १० इंची घ्या, म्हणजे २५० मिमी. वक्र जबड्याची, आत तार कापायची धार असलेली. हिचा जबडा साधारण ४५ मिमीपर्यंत उघडतो. गेट, ग्रिल, पंपाचे फाउंडेशन बोल्ट, पार्किंगचे शेड, सगळं त्यात बसतं. ७ इंची हाताळायला सोपी, पण गंजलेल्या बोल्टवर तिच्या दांडीला जोर पुरत नाही. वक्र जबडा अशासाठी की गोल वस्तूला तो तीन-चार जागी टेकतो. सरळ जबडा दोनच बाजूंनी धरतो, तो पट्टी किंवा चौकोनी डोक्यासाठी चांगला.

सोनवणे (सी-३०१): काका, ऑनलाइन तर ढीगभर दिसतात, सगळ्या एकसारख्याच. फरक कुठे असतो?

पगार मॅडम (सी-५०१): फरक तीन ठिकाणी असतो आणि तिन्ही फोटोत दिसत नाहीत.

पहिला, जबड्याचं पोलाद. चांगल्या पक्कडीचा जबडा क्रोम व्हॅनेडियम किंवा क्रोम मोलिब्डेनम पोलादाचा, फोर्ज करून नंतर हीट ट्रीटमेंट केलेला असतो. स्वस्त मालात ही ट्रीटमेंट एकतर होत नाही किंवा अर्धवट होते. मग दाते आठ-दहा वेळा वापरल्यावर चपटे होतात. आपल्या टूलबॉक्समधल्या पक्कडीचं हेच झालंय.

दुसरा, दांडीचा पत्रा. दांडी पत्रा दाबून घडवलेली असते. पत्रा पातळ असला की लॉक करताना दांडीच वाकते, आणि तुम्ही लावलेला जोर जबड्यापर्यंत जात नाही.

तिसरा, रिव्हेट आणि भोकं. भोक सैल असलं की जबडा आडवा हलतो. मग दोन्ही बाजूंचे दाते समोरासमोर येत नाहीत आणि बोल्ट एका कडेवरच धरला जातो.

सोनवणे (सी-३०१): मग लॉक नक्की कशाने होतं? स्प्रिंगने?

पगार मॅडम (सी-५०१): नाही, स्प्रिंग फक्त जबडा उघडते. लॉक करते ती दोन दांड्यांमधली मधली पट्टी. दांडी दाबत नेली की पट्टीचे सांधे एका रेषेत येतात, तिथे दाब सर्वांत जास्त असतो. मग सांधा रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अडतो. आता बोल्टने जबडा उघडायचा प्रयत्न केला तरी पट्टी आणखी घट्ट बसते, म्हणून हात काढला तरी सुटत नाही. सोडवायला मागचा खटका त्या सांध्याला परत रेषेच्या अलीकडे ढकलतो. दांडीच्या शेवटचा स्क्रू फक्त जबड्याचं अंतर ठरवतो. म्हणून दांडी वाकली किंवा रिव्हेट सैल झाले की सांधा रेषेपलीकडे नीट जात नाही आणि पक्कड कामाच्या मध्येच उघडते.

हे यंत्र विल्यम पीटरसन यांनी अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या डेविट गावात तयार केलं. ते मूळचे डेन्मार्कचे लोहार. पहिलं पेटंट १९२१ चं, लॉक होणाऱ्या रचनेचं १९२४ चं.

आहेर (बी-५०३): जुना माल शोधणाऱ्यांना ही माहिती कामाची आहे. दांडीवर पीटरसन कंपनीचं नाव आणि डेविट, नेब्रास्का असा ठसा असेल तर ती जुनी अमेरिकन व्हाइस-ग्रिप, म्हणजे पीटरसन यांच्याच ब्रँडची पक्कड. डेविटचा तो कारखाना २००८ मध्ये बंद झाला आणि उत्पादन चीनला गेलं. आजची अर्विन व्हाइस-ग्रिप २०१७ पासून स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरकडे आहे. जुन्या ठशाची, दाते शाबूत असलेली मिळाली तर माझ्या मते नवीन साध्या पक्कडीपेक्षा तीच घ्यावी. पण ठसा बघून पैसे देऊ नका, जबडा बघून द्या. नकला खूप निघाल्यात. नावाच्या अक्षरात एखादा बदल, ठसा उथळ आणि वाकडा, अशा खुणा दिसतात.

निकम (सचिव, बी-२०४): आणि नवीनमध्ये?

आहेर (बी-५०३): टपारियाचा कारखाना आपल्या सातपूर एमआयडीसीतच आहे, त्र्यंबक रोडला. त्यामुळे त्यांचा माल नाशकात कुठल्याही बऱ्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो आणि तक्रार असेल तर डीलरकडे परत नेता येतो. सोसायटीच्या कामासाठी तेवढं पुरेसं आहे. स्टॅन्लीही सहज मिळते. जर्मनीची निपेक्स आणि स्पेनची ग्रिप-ऑन या दोन्ही उत्तम, पण किंमत बरीच वर जाते. रोज वापरणाऱ्या फॅब्रिकेटरला ती परवडते, वर्षातून दहा वेळा वापरणाऱ्या सोसायटीला गरज नाही. काहीही घ्या, सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक माल विकणाऱ्या दुकानातून घ्या. तिथे पाकीट उघडून हातात देतात. घरगुती हार्डवेअरच्या दुकानात कधीकधी प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटातूनच घ्यायला लावतात, तसं असेल तर पुढचं दुकान बघा.

पाटील ताई (ए-१०४): दुकानात उघडून दिली तर तपासायचं काय? मी उद्या अंबडला जाणार आहे, घेऊन येऊ शकते.

देवरे काका (ए-६०२): ताई, जाताना दोन गोष्टी सोबत न्या. एक, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) असं कोरलेला १२ मिमीचा नवा बोल्ट. दोन, वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी.

आधी जबडे मिटवून उजेडाकडे धरा. टोकं पूर्ण टेकली पाहिजेत, एका बाजूने फट दिसली तर परत द्या. मग टोकाच्या डाव्या कडेला कागद लॉक करून ओढा, तसाच उजव्या कडेला. दोन्हीकडून कागद फाटायला हवा, निसटायला नको.

मागचा स्क्रू टोकापासून टोकापर्यंत बोटांनी फिरवा. मध्ये अडकला की आटे खराब.

मग ८.८ च्या बोल्टच्या डोक्यावर चांगली घट्ट लॉक करा आणि थोडी पिळा. उघडून दोन्ही बघा. खुणा बोल्टवर पडल्या पाहिजेत. दात्यांची टोकं चमकायला लागली किंवा चपटी दिसली तर ते पोलाद मऊ आहे, कितीही मोठं नाव असो. दुकानदाराला आधी विचारून करा, चांगला माल ठेवणारा नाही म्हणत नाही.

पगार मॅडम (सी-५०१): एक भर घालते. लॉक केलेल्या पक्कडीचा खालचा जबडा हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. नव्या पक्कडीत हालचाल जाणवूच नये. शिवाय दोन मापांवर लॉक करा, एकदा ६ मिमीच्या बोल्टवर, एकदा २० मिमीच्या पाइपवर. काही पक्कडी मधल्या मापावर छान लागतात आणि लहान मापावर लॉकच धरत नाहीत. खटका एका हाताच्या बोटांनी सुटायला हवा.

पाटील ताई (ए-१०४): छान. आणि सेकंडहँड दिसली तर?

आहेर (बी-५०३): जुन्या लोखंडी अवजारांसाठी भंगारवाले आणि बुधवारी गोदाघाटावरचा आठवडे बाजार, दोन्हीकडे नजर टाका. गंज बघून नाक मुरडू नका, वरचा गंज निघतो. खरे दोष वेगळे असतात.

जबड्यावर निळसर किंवा जांभळट झाक असेल तर तिला गॅस कटर किंवा वेल्डिंगची आच लागलीय. तिथलं पोलाद मऊ पडलेलं असतं, ते परत कडक करणं घरचं काम नाही. सोडून द्या.

दांडीवर हातोडीचे वळ, किंवा स्क्रूच्या डोक्यावर ठोकल्याच्या खुणा असतील तर सांधे ताणलेले असतात. रिव्हेटभोवती केसासारखी चीर शोधा, बोटाने पुसून उजेडात बघा. जबडा वेल्डिंगने जोडलेला असेल तर फुकटही नको.

स्प्रिंग गेलेली असेल तर मात्र घासाघीस करून घ्या. तशीच ताणाची स्प्रिंग हार्डवेअरमध्ये मिळते, दोन्ही टोकांचे आकडे भोकात अडकवले की झालं. जुन्या पक्कडीचे पैसे नव्या टपारियाच्या निम्म्याहून जास्त देऊ नका, ठसा डेविटचा आणि दाते नवे असतील तरच वर जा.

सोनवणे (सी-३०१): गंज काढायला ॲसिड चालेल?

पगार मॅडम (सी-५०१): टॉयलेट क्लीनरचं ॲसिड अजिबात नको. कडक पोलाद आणि स्प्रिंग त्याने ठिसूळ होतात, नंतर जोर लावताना तुटतात. सांधे अडकले असतील तर रात्रभर डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, पक्कड उघड-मीट करत राहा. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत. मग कोरडी पुसून प्रत्येक रिव्हेटवर मशीन ऑइलचा एक थेंब आणि स्क्रूच्या आट्यांना थोडं ग्रीस. पावसाळ्यात पंपरूममध्ये उघडी ठेवू नका, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि लॉक करून ठेवू नका.

कुलकर्णी (बी-१०१): निकम साहेब, तीच पक्कड वरच्या टाकीच्या व्हॉल्व्हला पण वापरता येईल ना? दोन व्हॉल्व्ह गळतायत.

देवरे काका (ए-६०२): नाही कुलकर्णी, तिथे नको. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप या पक्कडीच्या दाबाने चिरतो. चीर आत असते, पाणी चार दिवसांनी येतं आणि कोणी कारण शोधू शकत नाही. पितळी व्हॉल्व्हचं षटकोनी डोकं तिच्या दात्यांनी गोल होतं. तिथे स्क्रू पाना (माप कमी-जास्त करता येणारा). जीआय पाइपला पाइप पाना. चांगल्या नट-बोल्टवरही ही लावायची नाही, माप बसणारा पाना उपलब्ध असेल तर तोच. ही बिघडलेल्या बोल्टसाठी आणि वस्तू धरून ठेवण्यासाठी आहे.

पगार मॅडम (सी-५०१): आणि दांडीवर रबर असलं तरी ती विजेपासून संरक्षण देत नाही. पंपाच्या पॅनलमध्ये नेऊ नका.

निकम (सचिव, बी-२०४): समजलं. वॉचमन आणि सुपरवायझरला हेच सांगतो. आता गेटचा बोल्ट काढायचा कसा तेही सांगा काका, नवी पक्कड पहिल्याच दिवशी खराब व्हायला नको.

देवरे काका (ए-६०२): बोल्टवर गेटचं वजन असेपर्यंत काहीही लावलं तरी तो सुटणार नाही. आधी गेटखाली दोन्ही टोकांना लाकडी पाचरी ठोकून वजन उचला. बिजागरी हाताने हलायला लागली म्हणजे भार उतरला.

रंग आणि गंज तारेच्या ब्रशने आट्यांपर्यंत साफ करा. गंज सोडवणारा स्प्रे नटच्या दोन्ही बाजूंनी मारा, हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्या म्हणजे तो आत उतरेल, आणि रात्रभर ठेवा. सकाळी परत एक फवारा.

डोकं अगदी गोल झालंय म्हणून कानशीने त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करा, एक-दोन मिमी पुरे. त्यावर पक्कड दांड्या मिटलेल्या ठेवून धरा आणि स्क्रू असा फिरवा की जबडे डोक्याला नुसते टेकतील. मग दांड्या उघडून पक्कड काढा, स्क्रू अर्धा आटा आणखी आवळा आणि परत लावून लॉक करा. तळहाताच्या जोरात कट् आवाज येऊन बसली तर माप बरोबर. दोन हातांनी दाबावं लागलं तर स्क्रू पाव आटा सोडा, कारण त्या जोराने दांडी वाकते. सहज बसली तर पाव आटा आवळा.

पलीकडच्या नटला रिंग पाना लावून कोणीतरी धरा. आधी आवळायच्या दिशेने जरासं फिरवा, गंजाची पकड तिथे तुटते, मग उलट. दांडीला पाइप घालून लांबी वाढवायची नाही, हातोडी मारायची नाही, पाय देऊन उभं राहायचं नाही.

आहेर (बी-५०३): डोकं तुटलंच तर ग्राइंडरने नट उभा चिरून काढू, माझ्याकडे ४ इंची आहे. नवा बोल्ट ८.८ चाच घ्या, तेवढ्याच मापाचा, नायलॉन रिंगवाला नट आणि दोन वॉशर. आट्यांना ग्रीस लावून बसवा, पुढच्या वेळी पान्यानेच सुटेल.

पाटील ताई (ए-१०४): ठीक, मी उद्या १० इंची वक्र जबड्याची आणते. ८.८ चा बोल्ट कोणाकडे आहे का?

आहेर (बी-५०३): ताई, माझ्याकडे आहे, सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतो. बिल सोसायटीच्या नावाने घ्या आणि पाकीट टाकू नका, बदलून द्यायला लागली तर दुकानदार ते मागतो.

निकम (सचिव, बी-२०४): धन्यवाद सगळ्यांना. शनिवारी रात्री १० नंतर गेटला पाचरी लावून स्प्रे मारू. रविवारी सकाळी ७ ते ९ मेन गेट बंद राहील, दुचाकी छोट्या गेटने काढा. ज्यांना चारचाकी लागणार आहे त्यांनी शनिवारी रात्रीच गाडी बाहेर लावावी.