इंकटोबर: आठव्या दिवशीच शाई फुटली, सोडून देऊ का?

फोंडेकार_पोर:
यंदा पहिल्यांदाच इंकटोबर धरलंय, म्हणजे ऑक्टोबरभर यादीतल्या शब्दावरून रोज एक शाईचं चित्र, ३१ दिवस ३१ चित्रं. पाच झाली आणि मग बोंबललं. आज ९ तारीख. दसरा झाला की आमच्या वाड्यावर दिवाळीला जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याचं काम सुरू, संध्याकाळ तिथेच जाते, रात्री अकराला बसलो तर डोळे मिटतात. त्यात काल शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी काढत होतो, तासभर बारीक रेघा मारल्या आणि शाई अशी फुटली की खिडकीला केस आल्यासारखे दिसायला लागले. वही शाळेचीच ड्रॉइंगबुक आहे, पेन बाबांचं जुनं फाउंटन पेन. चार दिवसांचा बॅकलॉग भरून काढू की सरळ सोडू?

मापशेंची_माय:
अरे बाबा, आधी सांग त्या पेनात शाई कुठली घातलीस? बाटलीवर वॉटरप्रूफ लिहिलेली इंडिया इंक असेल तर आत्ताच्या आत्ता ओतून टाक आणि पाण्याने धू, त्यात लाख असते, वाळली की फीड, म्हणजे निबखालची शाई आणणारी पट्टी, चोकअप, मी माझं एक पेन असंच घालवलंय. ती शाई बुडवायच्या निबसाठी. नवीन निबला तेल लावलेलं असतं, त्यामुळे शाई धरत नाही, थोडी टूथपेस्ट लावून पूस.

रेघोट्या_पणजी:
शाई फुटते त्यात तुझा दोष कमी, कागदाचा जास्त. आपल्याकडे पाऊस जाता जाता पण हवा ओलीच, वही उघडी ठेवली की पापडासारखी मऊ पडते. मी कागद बिस्किटाच्या डब्यात ठेवतो, बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाकून. २०० जीएसएमचा (म्हणजे जाडसर) गुळगुळीत कागद घे आणि पोस्टकार्डाएवढे तुकडे काप. मोठ्या पानावर पहिले दोन दिवस मजा येते, मग रोज ते रिकामं पान अंगावर येतं.
बॅकलॉग भरू नकोस. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने इंकटोबर २००९ साली स्वतःचं इंकिंग सुधारायला आणि रोज काढायची सवय लागायला सुरू केलं, एक दिवसाआड काढलं तरी चालतं, त्याला इंकटोबरात हाफ मॅरेथॉन म्हणतात. खाली पेन्सिल मारलेलीसुद्धा चालते.

लोटलेचो_भाचो:
आमच्या गोव्यातल्या लोटली गावच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी १९४९ ते ५१ च्या डायऱ्या चित्रांतच लिहिल्या, दिवसभरात दिसलेली माणसं, शेजारी, पाद्री, सगळे. तू पण यादीतला शब्द सोड, तुमचा नरकासुरच काढ ना. लोखंडी सांगाडा, गवत, चिकटवलेले कागद, क्रॉसहॅचिंगला, म्हणजे आडव्यातिडव्या रेघांनी छाया भरायला, याहून चांगलं काय मिळणार? तिथेच बसून काढ, अकरा वाजायची गरजच नाही.

फोंडेकार_पोर:
माय, वॉटरप्रूफच निघाली 😭 पेन कोमट पाण्यात टाकलंय, बाबांना अजून सांगितलं नाही. आज बॉलपेनने पोस्टकार्डावर नरकासुराचा फक्त डावा हात काढला, सहा बोटं झाली. पोरं म्हणतात तसाच ठेव, आता खऱ्यालाही सहावं बोट लावायला निघालेत.