रविवारी ग्रिडला दिलेली वीज रात्रपाळीतून वजा करावी का?

मांडवीकाठ:
गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका कारखान्याचा कार्बन-हिशेब मी पाहते. रविवारी यंत्रे बंद असतात, तेव्हा छपरावरच्या पॅनेलांची वीज नेट मीटरमधून ग्रिडमध्ये जाते. रात्रपाळी मात्र ग्रिडच्याच विजेवर चालते. बिलात या युनिटांची वजावट होते, आणि तीच कार्बनच्या तक्त्यात उतरवून स्कोप 2 (विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन) जवळजवळ शून्य दाखवावा असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे. मला तो मान्य नाही. जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2015 च्या मार्गदर्शिकेनुसार ग्रिडमधून घेतलेली वीज पूर्ण मोजायची असते, वजावटीनंतरची नव्हे. छपरावर तयार होऊन तिथेच वापरलेली वीज शून्य धरावी, बाहेर दिलेली वेगळी नोंदवावी.

सोनचाफा:
हा लहान उद्योजकावर अन्याय आहे. गोव्यात मोठे औष्णिक केंद्र नाही. आपली बहुतेक वीज बाहेरून येते आणि तिच्यात कोळशाचा वाटा मोठा असतो. देशाच्या ग्रिडवर एका युनिटामागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. रविवारच्या युनिटाने तेवढा कोळसा वाचत असेल, तर त्याचे श्रेय ज्याने कर्ज काढून पॅनेल बसवले त्याला का मिळू नये?

मांडवीकाठ:
श्रेय जरूर मिळावे, पण रात्रीचा धूर पुसून नव्हे. जुलैतल्या एका पावसाळी रात्री मी मीटरपाशी उभी होते. इन्व्हर्टरच्या पडद्यावर शून्य होते आणि आयातीचा आकडा सरकत होता. ती वीज ज्या कोळशातून आली तो त्या रात्री जळलाच. आपण दुसऱ्याचे किती उत्सर्जन टाळले आणि आपले स्वतःचे किती झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

नारळीबाग:
पॅनेल कोणाच्या मालकीचे आहेत, हेही विचारा. ते दुसऱ्या कंपनीचे असतील आणि तिने हरित प्रमाणपत्रे, म्हणजे वीज अक्षय स्रोतातली असल्याचे दाखले, विकली असतील (एक प्रमाणपत्र म्हणजे 1000 युनिट), तर बाजाराधारित पद्धतीत, म्हणजे करार आणि प्रमाणपत्रे पाहून उत्सर्जन मोजताना, दिवसाची वीजसुद्धा शून्य धरता येत नाही.

सोनचाफा:
प्रमाणपत्रांचा मुद्दा मान्य. वजावटीबाबत माझे मत तेच आहे. सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला, तेव्हापासून मोठे ग्राहक आमच्यासारख्या पुरवठादारांकडे एकच आकडा मागतात. वेगळी नोंद वाचतो कोण?

मांडवीकाठ:
मग ती त्याच पानावर, त्याच ठशात छापा. मीटर आयात आणि निर्यात वेगवेगळी मोजतो. दोन्ही आकडे हाताशी असताना एक लपवायचे कारण उरत नाही.